हुडकी बोडीवरचा दुसरा आवाज

मोबाइल खिशात घाला आणि मधे फिदीफिदी हसू नका. ज्यांच्यावर हे बेतलं ते बापूराव माझे शेजारी. जंगल खात्यात तीस वर्षं गार्ड होते, आणि थापा मारणं त्यांना या जन्मात जमलं नाही. तारीखही सांगतो. तेवीस मे दोन हजार चोवीस, गुरुवार, बुद्ध पौर्णिमा.

त्या रात्री चांदणं लख्ख असतं, म्हणून आपल्या चंद्रपूरच्या जंगलात पाणवठ्यांवर मचाणं बांधतात आणि कोण जनावर पाण्यावर आलं ते रात्रभर मोजतात. नियम दोन. दिवस मावळायच्या आत चढायचं आणि उजाडेपर्यंत उतरायचं नाही. दुसरा, एका मचाणावर दोन माणसं.

बापूरावांनी घरी बुद्धवंदना घेतली, डब्यात खीर भरून घेतली आणि चारच्या सुमारास मूल गावाच्या पलीकडच्या जंगलात पोचले. तिथे घोटाळा. डोमा नावाच्या वनमजुराचा जोडीदार ऊन लागून आडवा झालेला. डोमा बावीस वर्षांचा, लग्नाला दोन महिनेही झाले नव्हते. बापूरावांना बापाच्या जागी मानायचा.

"एकटा बसशीन?" बापूरावांनी विचारलं.

"तुम्ही म्हणान तं बसतो, भाऊ."

"बस मंग. मी वॉकीटॉकीवर हावोच."

चुकलं ते इथेच. कागदावर दोन नावं लिहून त्यांनी डोमाला हुडकी बोडीच्या मचाणावर चढवलं. ही बोडी म्हणजे लहानसं तळं, मे महिन्यात अर्धं आटलेलं. बापूराव स्वतः दोन किलोमीटरवरच्या पाणवठ्यावर गेले. त्यांच्या सोबतीला सत्यशीलाबाई, शाळेत विज्ञान शिकवणाऱ्या, मोजणीला हौसेने आलेल्या. भूत म्हटलं की आधी पुरावा मागणारी बाई.

बारापर्यंत सगळं शिस्तीत. एकवीस चितळं, दोन अस्वलं, एक साळिंदर. खीर संपली. दोन वाजून दहा मिनिटांनी बाई हळूच म्हणाल्या, "भाऊ, आपल्या सावल्या दोन-दोन काऊन पडल्या?"

बापूरावांनी मान वर केली. एका बाजूला चंद्र होता. दुसऱ्या बाजूला, हुडकी बोडीच्या अंगाला, सागाच्या शेंड्यांवर परातीएवढा उजेड थांबला होता. हलत नव्हता. आवाज नव्हता. रातकिडे गप्प झाले होते. खाली चितळांचा कळप पाणी सोडून तिकडेच तोंड करून उभा.

"दोन वर्साआधी सिंदेवाहीकडे आभाळातून रॉकेटचं कडं पडलं होतं ना, तसंच असन," बापूराव म्हणाले.

"ते खाली येऊन राह्यलं होतं, भाऊ. हे थांबलं हाये." बाईंनी पेन उघडलं. "कोन्त्या रकान्यात लिहू?"

तेवढ्यात तीन नंबरच्या मचाणावरून बिरजू गार्डचा वॉकीटॉकीवर आवाज आला, त्यालाही तेच दिसत होतं. महामार्गावर रुग्णवाहिका थांबवून नर्स रिना आणि तिचा चालक तेच बघत होते, हे दुसऱ्या दिवशी कळलं. सगळ्यांची वेळ एकच. म्हणजे नजरबंदी म्हणून सोडून देता येत नाही, पोरांनो.

मग वॉकीटॉकीवर डोमा बोलला.

"भाऊ, तुम्ही खाली काऊन उभे हा? वाघाच्या जंगलात पायी कायले आले?"

बापूरावांनी वॉकीटॉकीचं बटण दाबलं.

"डोमा, मी माया मचाणावरच हावो. बाई हायेत बाजूले. तू उतरू नको."

खरखर... मग डोमाचा बारीक आवाज.

"भाऊ, आता दोन आवाज येऊन राह्यले. एक हातातल्या डब्यातून. एक खालून. दोन्ही तुमचेच. खालचा म्हणते, उतर. कोणाचं ऐकू?"

बापूरावांनी सावकाश सांगितलं, "खाली बोलवते तो मी नाई. मी तुले कधीच उतर म्हणणार नाई. समजलं?"

बापूरावांनी वॉकीटॉकी कानाला चिकटवली. मग...

"भाऊ, आता तोही म्हणते, उतरू नको."

"अन्..?"

"म्हणते... मीच वर येतो."

वॉकीटॉकी बंद पडली.

बापूरावांनी हाका मारल्या. दहा वेळा. वीस वेळा. मग शिडीवर पाय टाकला. सत्यशीलाबाईंनी त्यांचा दंड धरला.

"जाऊ द्या, बाई. पोराले मी एकटं बसवलं."

"जा ना. पण तुम्ही गेल्यावर जो परत येईन... तो तुम्हीच हा, हे मी कसं ओळखू?"

पाय शिडीवर तसाच राहिला. मग त्यांनी तो वर घेतला. त्या एका गोष्टीची लाज त्यांना आजही वाटते, माझ्यासमोर रडले आहेत.

दोन वाजून एक्केचाळीसला उजेड गेला. विझला नाही, उडाला नाही. जसा कधी नव्हताच. रातकिडे सुरू झाले. उजाडेपर्यंत बापूराव मनातल्या मनात एकच घोकत होते. डोमा, तुले एकट्याले बसवलं, कागदावर खोटं नाव लिहिलं, मले माफ कर. ओठही हलले नाहीत. बाजूच्या बाईंनाही ऐकू गेलं नाही.

साडेपाचला बिरजूला घेऊन खात्याची जिप्सी गाडी आली. हुडकी बोडीवर पोचताच बापूराव ओरडले, "डोमा!"

मचाणावर घोंगडी हलली. डोमा उठून बसला. धडधाकट.

डोमा मात्र गोंधळून खाली बघत राहिला. मग आपल्या शेजारच्या रिकाम्या जागेकडे. मग पुन्हा खाली.

"भाऊ, तुम्ही खाली कधी गेले?"

डोमाने बाजूची घोंगडी चाचपली.

"रातभर तं मायाजवळ बसून होते. किती रडले तुम्ही. म्हणे, तुले एकट्याले बसवलं, कागदावर खोटं नाव लिहिलं, मले माफ कर. म्या म्हटलं, जाऊ द्या ना भाऊ, केलं माफ..."

बिरजूने बापूरावांच्या खांद्याला हात लावला आणि बोडीकडे बोट दाखवलं.

पाणी आटून उरलेल्या गाळात बुटाचे ठसे होते. पहिला ठसा अगदी मधोमध. त्याच्या मागे काही नाही, साफ गाळ. तिथून सरळ रांग शिडीपर्यंत. उजव्या टाचेला टायरचा तुकडा ठोकलेला, त्याच्या रेघा उमटलेल्या.

बापूरावांनी तसाच तुकडा ठोकलेला आपला उजवा बूट शेवटच्या ठशात ठेवला.

बरोबर बसला.

शिडीपासून परत जाणारा ठसा मात्र एकही नव्हता.