पहिल्या हाकेला

आज माझा गुरुवार आहे. उपासाच्या तोंडानं मी खोटं लिहिणार नाही.

हे माझ्या धाकट्या जावेच्या, इंद्रायणीच्या घरात घडलं. अजून घडतंय...

गेल्या मार्गशीर्षात, भर दुपारी साडेबाराला ती लेकीला घेऊन सोलापूरबाहेरच्या त्या नव्या कला संग्रहालयात गेली. राजनंदिनी पाच वर्षांची. हसायची, रडायची, पण शब्द एकही नाही. कान उत्तम. थेरपीच्या मॅडम म्हणाल्या, "नवीन काहीतरी दाखवा, तोंड उघडेल."

इंद्रायणीला जगात दुसरं काही नको होतं. पोरीनं एकदा "आई" म्हणावं. बस.

इमारत बघूनच पोरगी पदराला चिकटली. काँक्रीटच्या तिरक्या भिंती, एकमेकींवर रेललेल्या. खिडकी औषधालाही नाही. दार म्हणजे भिंतीला पडलेली उभी चीर. आतला उतार थेट एका गोल खोलीत नेतो. तिथं चित्र नाही, मूर्ती नाही...

"ही पोकळीच बघायची म्हणं," दारावरचे रखवालदार अण्णाराव म्हणाले. "फकस्त हाक आली तर पहिल्या हाकेला ओ देऊ नगा, ताई."

"कोण मारतंय हाक?"

"कुणी न्हाय की. भिंतीचा गुण हाय म्हणत्यात. मला आमची मंडळी हाक मारती. जित्ती असताना इतक्या मायेनं कदी मारली न्हाय बघा!"

इंद्रायणी हसली. हसतच आत गेली.

आत पाऊल वाजेना.

तिनं मुद्दाम हात हलवला. बांगड्या हलल्या... आवाज नाही.

राजनंदिनी घाबरली. आईचा हात ओढला. तोंड उघडलं...

आणि समोरच्या भिंतीतून आवाज आला.

"आई..."

कोवळा. जरा बोबडा. पाच वर्षं मनात ऐकला होता, तस्साच.

एरवी इंद्रायणी तिसऱ्या हाकेशिवाय ओ देत नाही. सासूबाईंनी लावलेली सवय. पण त्या क्षणी...

"ओ! ओ बाळा! आले!"

लेकीचा हात सोडून ती भिंतीकडे धावली.

भिंत कोमट होती.

मागे वळली, तर राजनंदिनी रडत होती. गालांवर पाणी, तोंड वासलेलं. रडण्याचा आवाज मात्र नाही.

खोलीचाच गुण, तिला वाटलं.

दोघी बाहेर आल्या. रस्त्यावर ट्रकचे हॉर्न. बांगड्या पुन्हा वाजू लागल्या.

पोरीचं रडणं वाजलं नाही...

अण्णारावांनी पोरीकडे बघितलं. मग इंद्रायणीकडे.

"दिली व्हय ओ?" एवढं बोलून त्यांनी तोंड फिरवलं.

त्या संध्याकाळी देवापाशी दिवा लावताना स्वयंपाकघरातून हाक आली. "आई..."

तिथं कुणी नव्हतं.

मग न्हाणीतून. मग गच्चीवरून. इंद्रायणी प्रत्येक हाकेला धावते. तो आवाज घरातल्या सगळ्यांना ऐकू येतो. तिचा नवरा, आमचे आशिषभाऊजी, टीव्ही मोठा करतात.

मी एकदा म्हटलं, "अगं, पोरीकडे बघ की. वाळून चाललीय."

"हाक मारणाऱ्या लेकराला सोडू का, अक्का?" ती माझ्यावर डाफरली. "ही तर मारतही नाही!"

पोरगी तिथंच उभी होती. कान उत्तम आहेत तिचे.

गेल्या सोमवारी मी त्यांच्याकडे गेले होते. राजनंदिनी माझ्या मांडीवर. इंद्रायणी समोरच मेथी निवडत होती, हात लांबवला तर हाताला लागेल इतकी जवळ.

पोरीनं आईकडे बघितलं. ओठ हलले...

"आई!" वरच्या माडीवरून.

"ओ! आले गं सोन्या!" मेथी तशीच टाकून इंद्रायणी जिना चढली.

पोरीनं माझा हात धरला. स्वतःच्या गळ्यावर ठेवला. पुन्हा तोंड उघडलं.

माझ्या तळव्याखाली गळा थरथरला...

आणि त्याच क्षणी माडीवर हाक आली.

मी बसल्या जागेवरूनच जिन्याकडे बघून ओरडले, "इंद्रायणी, खाली ये! हीच मारतेय गं हाक! ही, इथली!"

"गप्प बसा हो अक्का," ती वरून म्हणाली. "ती काय म्हणतेय ते ऐकू द्या मला."

माझ्या हाताखाली तो गळा हलतच होता...