सुटायची घंटा

हे वाचून कुणी ‘फेकतोय’ म्हणालं, तर खुशाल म्हणा.

दीपेश माझा सख्खा आतेभाऊ, आटगावचा. शेंडी लावणं त्याला जन्मात जमलं नाही. लहानपणी खोटं बोलायला गेला की कान लाल व्हायचे त्याचे. हे सांगताना मात्र त्याचा चेहरा पांढराफटक पडला होता.

तो सिनेमात साऊंडचं काम करतो. शाळेवरचा तो सिनेमा तुम्हीही बघितला असेल, हल्ली गावोगावच्या शाळांतून पोरांना दाखवतात. नाव लिहीत नाही, उगाच अंगाशी यायचं. त्याचं शूटिंग झालं मुरबाडच्या पुढे, टोकावड्यापासून आत, डोंगराखालच्या एका बंद शाळेत. पौषातले, म्हशाच्या जत्रेचे दिवस होते.

आणि जे झालं ते रात्री-बित्री नाही. उजेडात झालं.

पहिल्या सकाळी शाळा भरायचा सीन होता. व्हरांड्यात रुळाचा तुकडा टांगलेला होता, तीच शाळेची घंटा. दीपेशनं माईक लावला आणि स्वतःच सळईनं टोल दिले. आवाज डोंगरावर जाऊन परत आला. डायरेक्टर नम्रता मॅडम एकदम खूश.

“मॅडम, सुटायची पण आत्ताच घेऊ?”

“कशाला? हीच वापरू. स्टुडिओत फास्ट करून टाकायची.”

सिनेमावाल्यांचं असंच असतं. एकदा घेतलं की तेच दहा ठिकाणी चिकटवायचं. दीपेशनं सळई ठेवून दिली.

थोड्या वेळानं सकुबाई धापा टाकत आली. ही पाड्यावरची म्हातारी, युनिटचं जेवण करायची. भाकरीचं पीठ तसंच हाताला.

“घंटा कोनी वाजवली?”

“मी, मावशी.”

“भरवलीस तर सोड पन.”

“म्हणजे?”

तिनं वर्गाकडे बघितलं आणि पदर तोंडाला लावला. मॅडमनी हसून दीपेशला आत बोलावलं. म्हातारीचं बोलणं अर्धवटच राहिलं.

आत एक काम बाकी होतं. सीन झाला की साऊंडवाले सगळ्यांना गप्प उभं करतात आणि रिकाम्या खोलीची शांतता रेकॉर्ड करतात. प्रत्येक खोलीची शांतता वेगळी असते म्हणे, एडिटिंगला लागते. सिनेमातली पोरं बाहेर वडापाव खात होती. वर्गात चिटपाखरू नव्हतं.

दीपेशनं हेडफोन लावला.

आधी नुसता वारा.

मग… पाटीवर पेन्सिल घासल्याचा आवाज.

मग कुणीतरी नाक ओढलं.

आणि मग… श्वास. एकाचा नाही. वर्गभर पोरं बसलीत आणि गुरुजींच्या धाकानं गप्प आहेत, तसे.

त्यानं हेडफोन काढला. काहीच नाही.

परत लावला. सगळे तिथंच.

त्यानं वायर बदलली, माईक बदलला. मॅडम म्हणाल्या, “दीपेश, झोप काढ जरा.”

दुसऱ्या दिवशी मात्र हसण्यावारी न्यायची सोय राहिली नाही.

सिनेमातली मुख्य पोरगी रविना. पाड्यावरचीच, भलती वांड. ‘कट’ म्हणायच्या आत दाराबाहेर पळायची. तिची आई काजल रोज सोबत यायची आणि दिवसभर तिच्या नावानं ओरडायची. त्या दिवशी शेवटचा सीन झाला. उन्हं कलली होती. ‘कट’ झालं, पोरं हुंदडत बाहेर गेली.

रविना बसूनच.

हाताची घडी. मान ताठ. नजर फळ्यावर.

“रविना, चल गो.”

“शाला सुटली नाय.”

काजलला वाटलं, नाटकं करते. तिनं दंड धरला आणि हात मागे घेतला. “ही गार का लागते?” मग तिनं ओढलं. लाईटवाल्यानं ओढलं. दोन्ही बाजूंनी धरून ओढलं. काडीसारखी पोरगी, बाकावरून तसूभर हलेना.

“शाला सुटली नाय,” ती परत म्हणाली. ओठ निळे पडत होते.

दीपेशनं हेडफोन लावला. कालचे श्वास होतेच. त्यात रविनाचाही होता. सगळ्यांच्या लयीत… आणि हळूहळू कमी होत चाललेला.

त्याची तंतरली. धावतच तो चुलीपाशी गेला. “मावशी, काल काय म्हणत होतीस?”

सकुबाई उठून उभी राहिली.

“आमी ल्हान होतो तवाची गोष्ट. वादळ झालं, वर्गाचं छप्पर पोरांवर आलं. शाला सुटायची होती, घंटा व्हायची होती. माझा भाऊस होता आत, जैतू. त्या दिसापासून घंटेला कोनी हात लावला नाय. तू भरवलीस. ती आली, बसली. आता सोडल्याबिगर कशी उठतील?”

“आणि रविना?”

“दिवस हाय तवर सोड. मंग ती पन त्यांचीच.”

“तू वाजव ना, मावशी.”

“ज्यानं भरवली त्यानंच सोडायची रे.”

दीपेशनं सळई उचलली. घाईत पहिला घाव हुकला. मग त्यानं डोळे मिटले आणि घणघण सुरू केली. थांबलाच नाही. सुटायची घंटा, न थांबता, जीव खाऊन.

वर्गात… बाक सरकले.

हेडफोनमध्ये नाही. सगळ्यांना ऐकू आले.

व्हरांड्यातून पळणारी पावलं. दीपेशच्या दोन्ही बाजूंनी वारा गेला. अंगणातली धूळ उडाली, पाड्याच्या वाटेनं लांब लांब गेली. मॅडम भिंतीला धरून उभ्या होत्या. दिसलं कुणीच नाही.

मग रविना बाहेर आली. चालत. काजलनं तिला पोटाशी धरलं आणि मोठ्यानं रडायला लागली.

सकुबाई फाटकाशी उभी होती. तिनं बाजूला हात पुढे केला, मूठ हलकेच मिटली. “चल रे जैतू,” म्हणाली आणि पाड्याकडे चालू लागली. दीपेश सांगतो, ते बघून त्याला भीती नाही वाटली, रडू आलं.

सगळं निभावलं, असं वाटलं त्याला.

तेवढ्यात रविनानं आईच्या खांद्यावरून त्याच्या मागे बघितलं.

“दादा, महादू नाय गेला घरी.”

दीपेश वळला. मागे कुणी नव्हतं.

“कोण महादू गो?” काजलनं विचारलं.

रविनाला माहीत नव्हतं. वाटेवर थांबलेल्या सकुबाईला मात्र माहीत होतं. महादूच्या घरचे त्या वादळानंतर पाडा सोडून गेले. कुठं, कुणालाच ठाऊक नाही. घर होतं तिथं आता रान आहे.

“आता जाईल कुठं तो?” दीपेशनं विचारलं.

सकुबाईनं त्याच्याकडे बघितलं, मग त्याच्या शेजारच्या रिकाम्या जागेकडे.

“सोडलास ना तू? आता परत बसवू नको त्याला तिथं.”

एवढंच बोलली आणि गेली.

रविना आता टोकावड्याला शिकते, खडखडीत आहे. दीपेश आटगावला घरी आला, की दार उघडून जरा वेळ तसंच धरून ठेवतो, मग लावतो. आत्या ओरडते, “डास येतात रे!” तरी तो धरूनच ठेवतो. मध्यंतरी हैदराबादचं मोठं काम आलं होतं त्याला. गेला नाही. मी खूप खोदून विचारलं तेव्हा म्हणाला, “एवढ्या लांब त्याला करमायचं नाही.”

गेल्या रविवारी मी गेलो होतो त्यांच्याकडे. आत्यानं पानं वाढली. तिला यातलं काही माहीत नाही. वाढता वाढता तिनं एक ताट जास्तीचं मांडलं, भात वाढला, आणि मग स्वतःच गोंधळून म्हणाली, “हे कोणासाठी वाढलं मी?”

दीपेश म्हणाला, “असू दे.”