अंबूचे ओठ

शनिवारी शाळा सकाळची. शेवटच्या तासाला कुसुमताई सातवीच्या वर्गाला गोष्ट सांगत. बी.एस्सी. झालेल्या बाईंनी असल्या गोष्टी कशाला सांगाव्यात, असं हेडमास्तर एकदा म्हणाले होते. पण त्या तासाला वर्गात कुणी गैरहजर नसे. पिंपरीची शाळा तेव्हा पत्र्याच्या दोन खोल्यांची होती. वारा फिरला की नव्या औषध कारखान्याचा कुबट वास आत येई. वारा पडला की पवनेच्या काठावरून चिमाजी नावाड्याची हाक ऐकू येई. काळेवाडीची मुलं त्याच्याच नावेतून ये-जा करत.

गोष्ट कुसुमताईंची स्वतःची होती. एका राज्यात मूल जन्मलं की पाथरवट त्याचं सगळं आयुष्य शिळेवर कोरून ठेवी. तारका नावाची मुलगी मात्र आपली शिळा वाचायचं नाकारते आणि त्या पाथरवटाला शोधायला निघते. पुढे काय होणार, हे कुसुमताई आधी कधीच ठरवत नसत. वर्गात उभं राहायचं आणि सुचेल ते सांगायचं.

श्रावणात त्यांच्या लक्षात आलं की खिडकीशी बसणाऱ्या अंबूचे ओठ हलताहेत. अंबू काळेवाडीच्या शेतकऱ्याची, अबोल पोर. मुलं ऐकता ऐकता शब्द पुटपुटतात, त्यात नवल नव्हतं. पण अंबू बाईंच्या मागे नव्हती. ती पुढे होती.

‘तारकेनं कवाड उघडलं,’ असं कुसुमताई म्हणायच्या आत अंबूचे ओठ ते म्हणून मोकळे झालेले असत. एकदा त्यांनी ऐन वेळी मुद्दाम वाक्य बदललं. तारकेला कवाडावरून मागे फिरवलं. अंबूच्या ओठांनी तेही आधीच म्हटलं होतं.

त्यांनी स्वतःला समजावलं. माणसाला बोलण्याच्या सवयी असतात आणि बारीक लक्ष देणाऱ्या मुलीला त्या ओळखता येतात. हे खरं की खोटं, ते तपासायचं तर निवड माणसाच्या हातून काढून घ्यायला हवी.

पुढच्या शनिवारी त्यांनी मुलांना कौल लावायला सांगितलं, गावात भैरोबाच्या देवळात लावतात तसा. उभ्या पाटीला जोंधळ्याचे दोन ओले दाणे चिकटवले. उजवा आधी पडला तर तारका डोंगर चढेल, डावा पडला तर गुहेत शिरेल.

“बाई, तुमी तर देव मानत न्हाई,” मागच्या बाकावरून सोपान म्हणाला. “मंग त्याला ताप कशापायी?”

वर्ग हसला. बाईही हसल्या. आपण देवाला नव्हे, दाण्यांना विचारतोय, असं त्यांनी सांगितलं.

पण पाटीकडे त्यांनी पाहिलंच नाही. त्या अंबूकडे बघत होत्या. अंबूचे ओठ ‘गुहा’ म्हणाले. मग दाणा फरशीवर पडल्याचा बारीक आवाज आला, आणि डावा, डावा म्हणून मुलांनी कल्ला केला.

त्यानंतरच्या शनिवारी तारका नदीकाठी आली. इकडे पवना फुगली होती, पाणी गढूळ तांबडं झालं होतं. तारका नावेत बसली, असं सांगून कुसुमताई थांबल्या. अंबूचे ओठ तेवढं म्हणून मिटले होते आणि मिटलेलेच राहिले.

तास तिथेच आवरून त्यांनी तिला मागे थांबवलं.

“पुढं काय होतं गं, अंबू?”

“पुढं न्हाई, बाई.”

“म्हणजे?”

“नावंत बसल्यावर काय बी न्हाई.” अंबू फरशीकडे बघत होती. “तुमचा आवाज येतो तवर मी म्हनते. मंग येत न्हाई.”

काठावरून चिमाजीची हाक आली.

कारण शोधत बसायला वेळ नव्हता. या पोरीला कुसुमताई आज नावेत बसू देणार नव्हत्या. एवढं तरी माणसाच्या हातात असतं. अंबू बाईंकडे जेवून येईल, असा निरोप त्यांनी त्याच नावेने जाणाऱ्या सोपानबरोबर तिच्या घरी धाडला आणि नाव पैलतीराला लागेपर्यंत काठावर उभ्या राहिल्या.

नाव सुखरूप लागली. मुलं हात हलवत चिखलातून वर गेली.

घरी अंबूने आमटी-भात पोटभर खाल्ला. कुसुमताई बोलत होत्या आणि तिचे ओठ पुढे पुढे पळत होते, अगदी ‘अजून वाढू का’लासुद्धा. आता त्यांना त्याची भीती वाटली नाही. ती नाव तर केव्हाच जाऊन आली होती. शिळेवरची एक ओळ त्यांनी पुसली होती.

दुपार कलली तसं पाणीही ओसरल्यासारखं दिसलं. पोरीला एकटीला कसं धाडायचं? हात धरून आपणच पोचवावं, म्हणून त्यांनी चपला घातल्या. पिंपरीत आल्यापासून त्या कधी पलीकडे गेल्या नव्हत्या.

चिमाजीने दोघींना फळीवर बसवलं. आज बाई बी हायेत म्हटल्यावर नाव जपून हाकाया पायजे, म्हणाला.

“घट्ट बस, अंबू,” कुसुमताई म्हणाल्या. अंबूच्या ओठांनी ते आधीच म्हटलं होतं.

नावेने काठ सोडला.

मध्यावर आल्यावर चिमाजीने वल्हं जरा थांबवलं. वरच्या अंगाला पाण्याकडे बघत राहिला.

“बाई,” तो सावकाश म्हणाला, “पवता येतं का तुमास्नी?”

उत्तर कुसुमताईंच्या जिभेवर होतं. सवयीने त्यांनी अंबूकडे पाहिलं.

अंबू त्यांच्याकडेच बघत होती. मान किंचित कलती करून, कान देऊन ऐकत होती.

तिचे ओठ मिटलेले होते.