पिवळ्या यंत्रातली वाट

आधीच सांगतो, ही गोष्ट रात्रीची नाही.

भर दिवसाची आहे. शनिवार, सकाळचे अकरा चाळीस, बाहेर लख्ख ऊन.

ज्याच्यावर हे गुदरलं त्याच्या तोंडून मी ते तीनदा ऐकलंय. तिन्ही वेळा एका शब्दाचा फरक नव्हता. कुणाला थाप वाटली तर वाटू दे. माझ्या बहिणीच्या दिराला आता कुणाला काही पटवून द्यायची हौस उरलेली नाही.

हा दीर डोंगरात भटकणाऱ्यांच्या सामानाच्या दुकानात काम करतो. बूट, दोर, तंबू, विजेऱ्या... आणि काचेच्या काउंटरमध्ये ओळीने मांडलेली, हातात धरायची जीपीएस यंत्रं. साधी बॅटरी विकतानाही इतकं समजावून सांगतो, की दुकानात सगळे त्याला मास्तर म्हणतात.

त्या शनिवारी एक काकू यंत्र बघायला तिसऱ्यांदा आल्या.

वय बासष्ट. पस्तीस वर्षं टपाल वाटून निवृत्त झालेल्या. निवृत्तीनंतर त्यांना जिओकॅशिंगचं वेड लागलं होतं. म्हणजे कुणीतरी रानात, पडक्या भिंतीत, झाडाच्या ढोलीत एक डबा लपवून ठेवतं आणि त्या जागेचे अक्षांश-रेखांश नेटवर टाकतं. बाकीच्यांनी तो शोधायचा, आतल्या वहीत नाव-तारीख लिहायची आणि डबा होता तसा परत ठेवायचा.

"जन्मभर लोकांच्या दारात पाकिटं टाकली," काकू हसून म्हणाल्या होत्या, "आता माझ्यासाठी कुणी काय ठेवलंय ते बघते."

मोबाईल रानात मान टाकतो, म्हणून त्यांना वेगळं यंत्र हवं होतं. पर्समधून त्यांनी कागदाची घडी काढली आणि काउंटरवर उलगडली. सर्रर्र... जाड कागद होता, आवाज करायचा. त्यावर सुवाच्य अक्षरात प्रश्न. पावसात चालेल का? हातमोजे घालून बटणं दाबता येतील का? बॅटरी दिवसभर पुरेल का?

मास्तरने दोन यंत्रं आधीच दाखवली होती. एक पिवळं, एक राखाडी.

पिवळं हलकं, बटणं मोठी. राखाडी जड, पण दाट झाडीत आणि कड्याशेजारीही जागा अचूक दाखवणारं.

"मला राखाडीच दे बाबा," काकू म्हणाल्या.

"राखाडी संपलं, काकू."

हे खोटं होतं.

एक शिल्लक होतं. त्याच्या गुडघ्यापासून वीतभर अंतरावर, काउंटरच्या खालच्या खणात. त्यावर मास्तरने स्वतःच्या नावाची चिठ्ठी चिकटवली होती. नवा माल दोन महिन्यांनी येणार होता आणि तोवर थांबायचं त्याच्या जिवावर आलं होतं. बाकी काही नाही. एवढंच.

"मग हे पिवळं कड्याशेजारी चालेल ना रे?"

मास्तरला ठाऊक होतं. ते पिवळं त्याने स्वतः तपासलं होतं. उंच खडक जवळ असला की उपग्रहाचा सिग्नल खडकावर आपटून येतो आणि हे यंत्र तीस-तीस मीटर चुकतं. मोकळ्या माळावर मात्र झकास.

तो म्हणाला, "डोळे मिटून घ्या, काकू."

काकूंनी घेतलं.

पुढच्या शनिवारी त्या आल्या नाहीत. त्याच्या पुढच्या शनिवारी, दुकान बंद व्हायच्या वेळी, एक उंच, वाकलेले गृहस्थ आत आले. हातात प्लास्टिकची पिशवी. पिशवीत पिवळं यंत्र.

काकूंचे मिस्टर.

"मागच्या रविवारी गेली ती," ते म्हणाले. "जुन्या दगडखाणीवर. धुकं होतं. वरून पडली."



"कालपर्यंत हे पोलिसांकडे होतं. मला यातलं काही कळत नाही. ती म्हणायची, दुकानातला मुलगा फार नीट समजावून सांगतो. यात तिची शेवटची वाट असेल ना? तेवढी काढून द्या. मला ती चालायची आहे."

पिशवी काउंटरवर ठेवत त्यांनी विचारलं, "यंत्र चुकलं का हो?"

मास्तरने त्यांच्याकडे बघितलं नाही.

"नाही काका. यंत्र बरोबर होतं. धुक्यात पाय घसरला असेल."

खोटं दुसऱ्यांदा बोलताना सोपं जातं, असं मास्तर सांगतो. हे सांगताना तो स्वतःची नखं बघत असतो.

काकांना खुर्ची देऊन त्याने यंत्र संगणकाला जोडलं. पडद्यावर नकाशा आला. त्यावर निळी रेघ. बसथांबा, कच्चा रस्ता, खाणीची वाट. एका जागी ती रेघ चार वेळा गोल फिरली होती. काकू डबा शोधत होत्या. मग थोडी पुढे... आणि संपली. रविवार, बारा वाजून वीस मिनिटं.

मास्तरने श्वास सोडला.

तेवढ्यात त्याला यादीत खाली आणखी काही ओळी दिसल्या.

सोमवार. मंगळवार. बुधवार...

त्याने सोमवार उघडला.

रेघ खाणीच्या तळातून निघाली होती. कच्चा रस्ता, बसथांबा, बाजार, आणि तिथून दुकान. दुकानाच्या आत. काउंटरपाशी.

अकरा चाळीस.

तिथे दहा मिनिटं थांबून परत गेली होती.

मंगळवारीही तेच. बुधवारीही. शुक्रवारीही.

"काका... पोलिसांनी हे चालू केलं होतं का?"

"छे. बॅटऱ्या काढून सीलबंद ठेवलं होतं. बॅटऱ्या या बघा, वेगळ्या पुडीत."

मास्तरला आठवलं. दुकानाच्या दारावर घंटी आहे. दार उघडलं की वाजते. सोमवारी साडेअकरा-पावणेबाराच्या सुमारास ती वाजली होती आणि दारात कुणीच नव्हतं. तो वारा समजला होता. मंगळवारीही वाजली होती. त्यानंतर त्याने वर बघणंच सोडलं होतं.

त्याने काय केलं?

रविवारची तेवढी वाट ठेवली. बाकी सगळं पुसलं. नव्या बॅटऱ्या घातल्या आणि यंत्र काकांच्या हातात दिलं. काकांनी दोन्ही हातांनी त्याचा हात धरून आभार मानले.

तो हात त्याने रात्री कितीदा धुतला, त्याची गणती नाही.

सोमवारी तो मुद्दाम दारासमोर उभा राहिला. अकरा चाळीस.

दार बंदच होतं. हललंही नाही.

टिंग.

दुकानात दोन गिऱ्हाइकं होती. त्यांनी मान वर केली नाही. मालक मागे खोक्यांत डोकं घालून बसले होते. मास्तर जागच्या जागी थिजला.

आणि मग... काउंटरच्या पलीकडून, अगदी समोरून...

सर्रर्र.

जाड कागदाची घडी उलगडल्याचा आवाज.

काचेवर कागद नव्हता. समोर कुणी नव्हतं. पण कुणीतरी प्रश्न विचारायला उभं आहे आणि उत्तराची वाट बघतंय, हे त्याला अंगावरच्या काट्याने कळत होतं. दहा मिनिटं. मग पुन्हा घंटी.

शनिवारपर्यंत रोज.

"मास्तर, बरं नाही का?" मालकांनी विचारलं. "दोन दिवस घरी बस की."

तो घरी बसला नाही. आपण नसताना ते काउंटरपाशी तसंच ताटकळत उभं राहील, हा विचार त्याला जास्त छळत होता.

शनिवारी संध्याकाळी काकांचा फोन आला.

"उद्या जाईन म्हणतो खाणीवर. तुम्ही याल का बरोबर? माझं कुणी नाही हो या कामाला."

नाही म्हणायला त्याची जीभ उचलली नाही. खरं सांगायलाही नाही.

रविवारी सकाळी दहाला दोघं बसमधून उतरले. खाणीकडे चढू लागले तसं धुकं उतरलं. आधी पुसट, मग दाट. दहा पावलांपलीकडचं झाड दिसेना. काका पुढे, हातात पिवळं यंत्र. मास्तर मागे. त्याच्या खिशात राखाडी यंत्र होतं. ते बाहेर काढायची त्याला लाज वाटत होती.

"ती इथे गोल फिरलीय," काका थांबून म्हणाले. "डब्याची जागा अजून तीस मीटर पुढे दाखवतंय. आणि कडा तर त्याच्याही पलीकडे. मग ती पडली कशी?"

मास्तरने खिशातलं राखाडी चोरून बघितलं.

डबा त्यांच्या पाठीमागे होता.

आणि कडा... आठ मीटरवर.

काका चालू लागले. पडद्यावर नजर खिळवून, एक एक पाऊल मोजत. "पंचवीस," ते म्हणाले. "तेवीस..."

मास्तरने राखाडी परत खिशात सारलं. सांगितलं तर सगळंच सांगावं लागणार होतं. खण, चिठ्ठी, सगळं. त्या क्षणीही आपण हाच हिशेब करत होतो, हे तो लपवत नाही.

मग त्याच्या कानामागे, अगदी चिकटून...

सर्रर्र.

"काका, थांबा!" तो किंचाळला. "ते यंत्र खोटं दाखवतंय! मी खोटं बोललो! थांबा!"

काका थांबले.

त्यांच्या बुटाखालून एक खडा सुटला. तो खाली पोचल्याचा आवाज यायला बराच वेळ लागला.

दोघं तिथेच मागे सरकून ओल्या गवतात बसले. मास्तरने सगळं सांगितलं. राखाडी कुठे होतं, त्यावर कुणाचं नाव होतं, पिवळ्यातला दोष त्याला कधीपासून ठाऊक होता. संगणकावर काय दिसलं, काय पुसलं, तेही.  

"ते दुसरं तिला का नाही दिलं?" एवढंच त्यांनी विचारलं.

"मला हवं होतं."

काका गवतातून उठले. मग म्हणाले, "डबा कुठाय?"

राखाडी यंत्राने बिनचूक जागा दाखवली. जुनी दगडी भिंत, खालून तिसऱ्या थरात एक पोकळी. आत झाकणाचा डबा. डब्यात छोटी वही आणि पेन्सिल.

काकांनी वही उघडली. लिहिलेलं शेवटचं पान काढलं आणि वही मास्तरपुढे धरली.

अक्षर सुवाच्य होतं. मास्तरने ते काउंटरवरच्या कागदावर तीनदा बघितलं होतं.

"डबा सापडला. कड्याशेजारी यंत्र तीस मीटर चुकतं. दुकानात सांगून येते. ज्यांनी ज्यांनी हे यंत्र घेतलंय, त्या सगळ्यांना कळवायला हवं."

खाली तारीख.

मंगळवारची.

त्या पडल्या त्याच्या दोन दिवसांनंतरची.

"लिहिताना चुकली असेल," मास्तर पुटपुटला.

"पस्तीस वर्षं रोज तारखेचे शिक्के मारले तिने," काका म्हणाले. त्यांनी वही मिटून डब्यात ठेवली आणि डबा पोकळीत सरकवला. "ती तारीख चुकवत नाही."

परतीच्या बसमध्ये ते मास्तरपासून चार बाकं लांब बसले.

सोमवारी मास्तरने मालकांना सांगून पिवळी यंत्रं काउंटरमधून काढून टाकली. मालक चिडले, पण ऐकलं. मग त्याने विक्रीची वही काढली. दोन वर्षांत त्याने काकूंशिवाय आणखी सात जणांना ते यंत्र विकलं होतं. सातही जणांना "डोळे मिटून घ्या" म्हणूनच.

त्याने एकेकाला फोन लावला. कुणी आभार मानले, कुणी शिव्या घातल्या. एकाने ते यंत्र कधीच हरवलं होतं. सहा जण झाले.

सातवं एक तरुण जोडपं होतं. नवीन लग्न झालेलं, काउंटरपाशी एकमेकांना कोपरखळ्या मारत हसणारं. त्यांचा फोन वाजत राहिला. कुणी उचलला नाही.

त्या दिवशी अकरा चाळीसला घंटी वाजली नाही. मंगळवारीही नाही. मास्तर पहिल्यांदा पोटभर जेवला.

गुरुवारी काकांचा फोन आला. खाणीनंतर पहिल्यांदाच.

"तुम्ही नव्याने घातलेल्या बॅटऱ्या मी रविवारीच काढून ठेवल्या होत्या," ते म्हणाले. "आज सहज घालून बघितल्या. यंत्रात सोमवारपासूनच्या वाटा आहेत. पण आता त्या तुमच्या दुकानाकडे येत नाहीत."

"मग?"

"कुठल्यातरी गल्लीत जातात. रोज त्याच घराशी. दारापर्यंत जातात, थांबतात, परत येतात. मी पत्ता काढलाय. लिहून घेता?"

मास्तरने लिहून घेतला.

विक्रीची वही समोरच उघडी होती. सातव्या नावापुढचा पत्ता त्याने एकदा बघितला. मग कागदावरचा बघितला.

या गोष्टीला आता पाच महिने झाले. फोन अजून वाजतो, कुणी उचलत नाही. ती गल्ली दुकानापासून चालत वीस मिनिटांवर आहे. मास्तर तीनदा निघाला, आणि तिन्ही वेळा कोपऱ्यावरून परत फिरला.

काकू मात्र रोज जातात.

रविवार सोडून, टपालासारखं.