चौथी घंटी

दुपारचं जेवण उरकून धाकटा टेबलाशी बसला. काडेपेटीएवढ्या ब्लूटूथ अ‍ॅडॅप्टरला लावलेल्या बटणाच्या वायरी त्यानं सोडवल्या आणि तो कॉम्प्युटरला जोडला. काम पाच मिनिटांचं होतं. जुना पासवर्ड परत घातला की सुटला.

थोरला अंथरुणाला खिळला तेव्हा ही घंटी धाकट्यानंच बनवली होती. थोरल्यानं बटण दाबलं की बिनतारी घंटी दुसऱ्या खोलीत वाजायची; फक्त अ‍ॅडॅप्टरचा आणि घंटीचा पासवर्ड जुळायला हवा. एकदा वाजली की पाणी, दोनदा म्हणजे कूस बदला, तीनदा म्हणजे श्वास लागलाय. शिवाय, पलंगाच्या कडेवर चारदा बोट आपटलं की त्याचा अर्थ दोघा भावांनाच ठाऊक होता: दार लावून घे, तुझ्याशी बोलायचंय.

चौदा दिवसांपूर्वी वहिनी कामावर होती आणि घंटी सारखी वाजत होती. धाकट्याचे डोळे मिटत होते. त्यानं एक ओळ टाइप करून अ‍ॅडॅप्टरचा पासवर्ड बदलला, बटण परत थोरल्याच्या हाताशी ठेवलं आणि घंटी मुकी झाली. उठल्यावर बदलू म्हणाला आणि डाराडूर झोपला. जागा झाला तेव्हा थोरल्याचा अंगठा बटणावर तसाच रुतलेला होता. नंतर घर माणसांनी भरलं ते कालपर्यंत.

सकाळी वहिनी म्हणाली होती, "भावोजी, उद्या ती घंटी आमच्या ऑफिसातल्या इंजिनिअरला दाखवते. का वाजली नाही, एवढं मला कळायला हवं."

अ‍ॅडॅप्टर हुकूम घेतोय का हे पाहायला त्यानं 'एटी' टाइप केलं. पडद्यावर उत्तर आलं: ओके. मग जुना पासवर्ड. ओके. त्याला हायसं वाटलं.

पलीकडच्या खोलीत घंटी वाजली.

वहिनी ती तळहातावर घेऊन दारात आली. "वाजतेय की... बटण कुणी दाबलं?"

"मीच तपासत होतो. घंटी ठणठणीत आहे, वहिनी. त्या दिवशी दादानं बटण दाबलंच नसणार."

वहिनीचा चेहरा उतरला. धाकट्याला वाईट वाटलं, पण सुटल्याचं समाधान त्याहून मोठं होतं.

घंटी पुन्हा वाजली. वायरी सुटलेलं बटण टेबलावर पडलं होतं.

"दोन..." वहिनी सवयीनं मोजू लागली. "तीन. श्वास लागलाय..."

आणखी एकदा वाजली.

"चार म्हणजे काय हो, भावोजी?"

तो काही बोलायच्या आत दार सावकाश लागलं. वहिनी बाहेर राहिली. ती दार ढकलत होती, हाका मारत होती. कडी आतून बसली होती.

पडद्यावर एक नवी ओळ उमटली: ओके.

धाकट्यानं काहीच टाइप केलं नव्हतं.