महादेवप्पाची नक्कल

फोल्डिंग खातं गिरणीच्या अगदी मागच्या अंगाला होतं. विणकामाच्या मागांच्या खात्यात खडखडाटामुळे शेजारच्या माणसाचं बोलणं ऐकू येत नसे. तिथला सगळा कारभार हातवाऱ्यांवर चाले. फोल्डिंगमध्ये मात्र शांतता असे. लांबलचक टेबलं, त्यांवर कोऱ्या कापडाची ठाणं, खळीचा आंबूस वास आणि छपराच्या काचांतून पडणारं सोलापूरचं पांढरं ऊन. घडी घालायची, शिक्का मारायचा, ठाण पुढे सरकवायचं. हात कामात आणि तोंड मोकळं, त्यामुळे या खात्यात गप्पा फार चालत.

महादेवप्पा मूळचा वळसंगचा. घरची भाषा कानडी. मराठी तो बोले, पण तीत हमखास गफलत होई. "ठाण फाटली हाय," म्हणे, "सायकल पंक्चर झाला," म्हणे. आवाज खालच्या पट्टीतला, जड, वाक्याच्या शेवटी किंचित वर चढणारा. खात्यात त्याची कैक वर्षं गेली होती आणि त्याच्या बोलण्याचं कुणाला काही वाटत नव्हतं.

चौऱ्याहत्तर साली हिंदुराव खात्यात आला. नातेपुत्याकडचा, उंचापुरा, झुपकेदार मिशीचा, हसतमुख. गणपतीच्या मेळ्यात नकला करून त्यानं नाव कमावलं होतं. आल्या आल्या त्यानं गिरणीच्या भोंग्याची नक्कल केली, मग खात्याच्या मानसिंग मास्तरांची. मास्तरसुद्धा हसले. मग एके दिवशी जेवणाच्या सुट्टीत त्यानं महादेवप्पाचा आवाज काढला. "अरं, माझी डबा कुटं गेली?"

हुबेहूब होतं. माणसं पोट धरधरून हसली. महादेवप्पाही हसला. आपणही हसलं की हे लवकर संपतं, असं त्याला वाटलं.

संपलं नाही. सकाळी हजेरीला महादेवप्पाचं नाव पुकारलं की मागून त्याच्याच आवाजात "आलो की" येई आणि तो तोंड उघडेपर्यंत पुढचं नाव निघे. त्याला कुणी काही विचारलं की उत्तर हिंदुराव देई. एकदा ठाणांच्या थप्पीआडून महादेवप्पाच्या आवाजात मास्तरांना शिवी गेली. मास्तर तरातरा आले आणि सगळ्यांदेखत महादेवप्पाला बोलले. मी नव्हे, असं तो सांगू लागला, तेव्हा थप्पीआडून तेच वाक्य, त्याच आवाजात, एक क्षण आधी आलं. मास्तरांनाही हसू आवरलं नाही.

पुढे महादेवप्पा मास्तरांच्या टेबलाशी जाऊन उभा राहिला. "साहेब, त्यांना जरा सांगा की. रोजच चालली हाय."

"अहो, थट्टा आहे ती," मास्तर म्हणाले. "चार माणसांत राहायचं तर एवढं चालायचंच. तुम्ही मनावर घेऊ नका."

युनियनचा माणूसही तेच म्हणाला. शेजारच्या टेबलावर वीरभद्रप्पा होता, अक्कलकोटकडचा, महादेवप्पाच्याच भाषेचा. एकटा तो हसत नसे, पण खाली मान घालून शिक्के मारत राही.

महादेवप्पानं बोलणं सोडलं. खात्यात आधी, मग घरी. त्याची बायको सुंदरम्मा विचारी, भाकरी वाढू का, आणि तो मान हलवी. बोलायला तोंड उघडलं की स्वतःचाच आवाज त्याला नकलेसारखा वाटे. आपण आपलीच टवाळी करतोय असं वाटून तो निम्म्यात थांबे. सुंदरम्माला वाटे, पोरीच्या दुःखानं हा असा झाला. तेही खोटं नव्हतं. दुष्काळाच्या वर्षी त्यांची एकुलती एक मुलगी, अक्कम्मा, जुलाब-उलट्यांनी दोन दिवसांत गेली होती. आठ वर्षांची होती.

एकाच जागी त्याचा आवाज त्याचा राहिला होता. पाळी सुटली की घरी जाताना तो विजापूर रस्त्यावरच्या कंबर तलावाशी थांबे. रविवारी अक्कम्माला सायकलच्या दांडीवर बसवून तो इथं आणत असे. ती गेल्यापासून तो एकटाच येई, सायकल बाभळीला टेकवून पाण्याशी उभा राही, आसपास कुणी नाही असं बघून हळू आवाजात म्हणे, "अक्कम्मा, मनीगे बा." पोरी, घरी ये. एवढंच. हे सुंदरम्मालाही ठाऊक नव्हतं.

पावसाळा संपता संपता त्याला खोकला झाला. पहिली ढास पहाटे घरात आली, कोरडी, शेवटी शिट्टीसारखी. कामावर जाताना वाटेत एकदाही आली नाही. खात्याच्या दारात पाऊल टाकलं आणि आतून तीच ढास ऐकू आली, शिट्टीसकट. हिंदुराव टेबलाशी पाठमोरा उभा होता. महादेवप्पाला वाटलं, आता हसतील. पण कुणाचं लक्ष नव्हतं. हिंदुराव कुणाला ऐकवायला खोकलाच नव्हता. तो घसा चोळत होता.

त्यानंतर असं वरचेवर होऊ लागलं. महादेवप्पा मुका आणि त्याचा आवाज खात्यात फिरतोय. कधी हिंदुराव टेबलाला टेकून झापड घेत असे, तेव्हाही तो आवाज पुटपुटे. लोकांना वाटे, काय पोचलेला नकलाकार आहे.

मग एका दुपारी, जेवणाच्या सुट्टीत, कुणीतरी म्हणालं, "हिंदुराव, होऊ द्या महादेवप्पा." हिंदुरावनं मिशीला पीळ दिला, खांदे पाडले, मान खाली घातली आणि त्या जड, खालच्या आवाजात म्हणाला, "अक्कम्मा, मनीगे बा."

चार-दोन जण सवयीनं हसले. वीरभद्रप्पाचा घास हातातच राहिला.

"तुला कानडी कुणी शिकवलं?" त्यानं विचारलं.

"मला कुटलं येतंय कानडी?" हिंदुराव अजून हसत होता. "का? काय म्हनलो मी?"

वीरभद्रप्पानं महादेवप्पाकडे पाहिलं. महादेवप्पा डबा तसाच टाकून उठला होता. "अक्कम्मा ह्याची पोरगी," वीरभद्रप्पा म्हणाला. "वारली ती. तिला घरी बोलावलंस तू."

हिंदुरावचं हसू मिशीखाली तसंच राहिलं, नुसतं ओठांवर. "आईशपथ, मला ठावं न्हाय," तो म्हणाला. "तोंडाला आलं ते बोललो."

दुसऱ्या दिवशी कुणी नक्कल मागितली नाही. पण सगळी गप्प बसली की हिंदुरावला करमत नसे. आपण घाबरलो असं कुणाला वाटू नये म्हणूनही असेल, तो स्वतःच उभा राहिला. "बघा, मास्तर आले," म्हणाला. छाती पुढे काढून त्यानं तोंड उघडलं.

त्या आडदांड माणसाच्या तोंडून एक बारीक, पोरवयाचा आवाज आला.

"अप्पा, बंद्या?"

अप्पा, आलास? रोज सायकलची घंटा वाजली की आतून अक्कम्मा हेच विचारी. पुढचे दोन दात पडले होते तिचे, नवे यायच्या आत ती गेली होती. तिच्या शब्दांतून वारा निसटायचा. आत्ताही निसटला.

हिंदुरावनं दोन्ही हातांनी तोंड दाबून धरलं.

महादेवप्पा टेबलाच्या कडेला धरून उभा होता. कितीतरी आठवड्यांनी त्या खात्यात त्याचा स्वतःचा आवाज उमटला. "हूं, अव्वा," तो म्हणाला; पोरीला लाडानं तो आईच म्हणे. "आलो."

तिथून सगळं उलटं झालं. महादेवप्पा बोलू लागला. मुद्दाम मोठ्यानं, मुद्दाम चुकवून. "सुई हरवला! कात्री कुटं गेला?" आणि हिंदुरावच्या तोंडाकडे आशेनं पाही. हजेरीला तो गप्प राही, मागून कुणीतरी बोलेल म्हणून. कुणी हसत नव्हतं. हिंदुराव त्याला टाळून दुसऱ्या बाजूच्या टेबलाला गेला. महादेवप्पा त्याच्यामागे गेला. शेवटी थप्पीआड त्यानं त्याचा हात धरला.

"एकदा कर की. माझी नक्कल कर. मला काय बी म्हन, पन कर."

"महादेवप्पा, हात जोडतो. मी तुमच्या वाटंला जात न्हाय. तुमी बी येऊ नका."

"एकदाच. लई न्हाय."

हिंदुरावच्या डोळ्यांत पाणी होतं. "तुमास्नी कळंना का?" तो कुजबुजला. "ते मी करत न्हाय."

दुसऱ्या दिवसापासून हिंदुराव कामावर यायचा बंद झाला.

त्या संध्याकाळी महादेवप्पानं सुंदरम्माला सगळं सांगितलं. खात्यातली थट्टा, तलाव, आवाज. ती म्हणाली, "इतके दिवस तुम्हाला छळत होते आणि तुम्ही मला सांगितलं नाही?" आणि थोड्या वेळानं, अगदी हलक्या आवाजात, "कुठं राहतो तो?"

गिरणीमागच्या चाळीत एका खोलीत हिंदुराव आणि त्याची बायको रंभाबाई राहत. दोघं गेली तेव्हा हिंदुराव भिंतीशी बसला होता, तोंडाला पंचा बांधून. रंभाबाईचे डोळे सुजले होते. "बोलत न्हाईत," ती म्हणाली. "बोलाया गेलं की भलतंच कुनी तरी बोलतंय. मी भ्याले, म्हून त्यांनी तोंडच बांधलंय."

सुंदरम्मा त्याच्यासमोर बसली. तिनं स्वतःच्या हातानं पंचा सोडला आणि म्हणाली, "अक्कम्मा."

"अव्वा," हिंदुरावच्या तोंडून आलं. "हसिवू." आई, भूक लागलीय.

सुंदरम्मानं हंबरडा फोडला नाही. तिनं रंभाबाईकडे भाकरी आणि दूध मागितलं, भाकरी दुधात कुस्करली आणि त्या मिशाळ माणसाला घास भरवू लागली. तो खात होता. गालांवरून त्याची आसवं ओघळत होती आणि ती आसवं मात्र त्याचीच होती.

मग सुंदरम्मा रोज दुपारी तिकडे जाऊ लागली. तिच्या तोंडावर कळा आली. जाताना ती गाणं गुणगुणू लागली. इकडे हिंदुराव वाळत चालला. आधी आवाज गेला होता, आता बसणंही बदललं. पाय पोटाशी घेऊन तो कोपऱ्यात बसे आणि रंभाबाईला ओळखल्यासारखं करत नसे.

एके दिवशी रंभाबाई गिरणीच्या फाटकाशी उभी राहिली. महादेवप्पा बाहेर येताच ती त्याच्या पायाशी वाकली. "ह्यांनी तुमास्नी लई तरास दिला. मला समदं कळलंय. पन माजा मानूस मला माघारी द्या, दादा. मला दुसरं कुनी न्हाय."

त्या दिवशी महादेवप्पा तलावावर गेला नाही. तिच्या मागोमाग चाळीत गेला.

सुंदरम्मा तिथं होतीच, हिंदुरावचे केस विंचरत. नवऱ्याचा चेहरा बघून ती समजली. "नको," ती म्हणाली. "तुमच्या पाया पडते. नको."

तो हिंदुरावसमोर बसला.

"अप्पा, बंद्या?" आवाजानं विचारलं.

"आलो, अव्वा." त्याचा आवाज अजिबात कापला नाही. "आता तू होग."

जा.



"येल्लिगे, अप्पा?"

कुठं?

"होगव्वा," महादेवप्पा पुन्हा म्हणाला, एवढंच. हिंदुरावचं तोंड थोडा वेळ उघडंच राहिलं. मग मिटलं. मग त्याला ढास लागली आणि त्याच्या स्वतःच्या घोगऱ्या आवाजात तो "रंभे, पाणी" म्हणाला.

महिन्याभरानं हिंदुराव कामावर आला. खात्यात आता कुणी कुणाची नक्कल करत नाही. हजेरीला महादेवप्पाचं नाव पुकारलं की सगळी थांबतात आणि तो स्वतः "आलो" म्हणतो. मास्तरांकडे त्यानं एवढंच तर मागितलं होतं. घरी सुंदरम्मा त्याला वाढते, कपडे धुते, आजारात उशाशी बसते. बोलत नाही. तो संध्याकाळी तलावावरून जातो पण थांबत नाही. आता पाण्याला काही सांगण्याचा आपल्याला हक्क राहिला नाही, असं त्याला वाटतं.

संक्रांतीनंतर एकदा जेवणाच्या सुट्टीत हिंदुराव त्याच्याशेजारी येऊन बसला. डबा उघडला, पण जेवेना.

"एक सांगायचं हाय," तो खाली बघत म्हणाला. "रागावू नका."

महादेवप्पानं मान हलवली.

"दिवे लागायच्या वक्ताला आमचं दार वाजतंय. रोज न्हाय. पन वाजतंय. हळू, खालच्या अंगाला. कडीपातूर हात पोचंना झाल्यावानी. मी म्हनलो, उघडू नकोस. रंभा उघडती. म्हनती, कुटं जाईल ती."

महादेवप्पानं हातातली भाकरी डब्यात ठेवली.

"आमाला मूलबाळ न्हाय, तुमास्नी ठावं हाय," हिंदुराव म्हणाला. "परवा रंभानं पान्याचा पेला माठावरनं काढला, भरला आन् खाली, उंबऱ्याजवळ ठिवला. सकाळी बघतो तर पेला रिता. आन् त्याच्या काठाला ओलं हुतं, अजून."