फेस न येणारं पाणी

मंगळावरच्या सोन्याच्या कारखान्यात कुमुदआत्याने भिंतीवरचं कॅलेंडर उतरवून गुंडाळलं आणि बॅगेत ठेवलं, तेव्हा दहा वर्षांची सावनी धावत तिच्याजवळ गेली. महिनाभरात दगडातून निघणारं सोनं निम्म्यावर आलं होतं. संध्याकाळपर्यंत कारण सापडलं नाही, तर कारखाना बंद आणि आत्या पुढच्या यानाने पृथ्वीवर परत! वसाहतप्रमुख दाभाडेकाकांनी तसं स्पष्टच सांगितलं होतं.

"दगड तोच, यंत्रं तीच. मग सोनं जातंय कुठं?" आत्या वैतागून म्हणाली.

"पाण्याला नावं ठेवू नका," पाण्याचं काम बघणारा ठोकळ्या नावाचा यंत्रमानव तोऱ्यात म्हणाला. "आजही तिथी वाचलीय मी."

मंगळावर पाणी मोलाचं, म्हणून कारखान्यात तेच पाणी गाळ बसवून पुन्हा पुन्हा वापरायचे. त्याची परीक्षा आत्यानेच ठरवलेली. भरलेला ग्लास कॅलेंडरासमोर धरायचा, आरपार तिथी वाचता आली की पाणी पास.

रडू लपवायला सावनी हात धुवायला गेली. साबण घासघास घासला, पण फेस येईना. हाताला नुसता चिकट पांढरा साका!

"आत्या, या नळाला कुठलं पाणी येतं गं?"

"कारखान्यातलंच, फिरून आलेलं. का?"

"साबणाला फेसच येत नाहीये."

आत्या ताडकन उठली. "ठोकळ्या, गाळ बसवायला चुना किती टाकतोस?"

"हल्ली जरा सढळ हातानं. तुमची तिथी ठळक दिसावी म्हणून."

आत्याने कपाळावर हात मारला. "अरे शहाण्या, थोडा चुना पाण्यात विरघळतो, तो डोळ्यांना दिसत नाही. आपण पाणी फेकत नाही, म्हणून दर फेरीला तो वाढतच गेला. पाणी दुष्फेन (साबणाचा फेस होऊ न देणारं) झालं!"

"पण सोन्याचं काय बिघडलं?" सावनीने विचारलं.

"आपण दगडाचं पीठ पाण्यात कालवून त्यात एक औषध घालतो. ते सोन्याच्या कणांना चिकटलं की कणांना पाणी नकोसं होतं. मग खालून हवा सोडली की ते बुडबुड्यांना धरून वर येतात. हे प्लवन (तरंगवून वेगळं करणं). पण कणांवर आधीच चुन्याचा थर बसला, तर औषध चिकटणार कुठं? बुडबुडे रिकामे वर, सोनं गाळात!"

"मग आता?"

"ठोकळ्या, धुण्याचा सोडा आण. त्याने विरघळलेला चुना पांढरी पूड होऊन तळाला बसतो."

ठोकळ्याने सोडा आणून पाण्यात कालवला, पूड गाळून काढली आणि पाणी प्लवनाच्या टाकीत सोडलं. तिघंही काठावर वाकली. काळपट फेस वर आला, आणि त्यात बारीक सोनेरी चमक दिसली. सावनीने आत्याला घट्ट मिठी मारली. तिला इतकं हलकं वाटत होतं की आता रडू आलं तरी चाललं असतं.

संध्याकाळी दाभाडेकाका आले, फेस पाहून हसले आणि म्हणाले, "कुमुदताई, बॅग उघडा."

कॅलेंडर पुन्हा खिळ्यावर गेलं. सावनीने शेजारी दोरीने साबणाची वडी टांगली.

"उद्यापासून आधी हात धुवायचे," तिने ठोकळ्याला बजावलं, "मग तिथी वाचायची."